भिंतीवरचा शेवटचा फोटो

स्टुटगार्टमधल्या एका कंपनीत मी दिवसभर गिअरबॉक्सची ड्रॉइंग्ज काढायचो आणि उरलेल्या वेळात माणसांची नाकं. बायको जवळच्याच एका विद्यापीठात समाजशास्त्र शिकत होती. तोंडी परीक्षेत ती एकदा नापास झाली होती. अभ्यास कमी नव्हता. विभागप्रमुख समोर बसले की तिची वाचाच जायची. दुसरी संधी शेवटची होती.

"त्यात हे सगळे दाढीवाले समाजशास्त्रज्ञ डोक्यात एकमेकांत मिसळतात," ती म्हणाली. मी म्हटलं, व्यंगचित्रं काढून देतो. नाक लक्षात राहिलं की विचारही राहील.

त्यांचे चेहरे विभागाच्या कॉरिडॉरमध्ये फ्रेम करून लावलेले होते. तिला आणायला गेलो की मी तिथे उभा राहून स्केचेस करायचो. समाज कशाने टिकतो हे शोधण्यात आयुष्य घालवलेली ही माणसं फोटोग्राफरसमोर मात्र पोटात दुखत असल्यासारखी बसली होती.

घरी मी एकेकाबद्दल विचारायचो. "हा काय म्हणाला?" ती सांगायची.

"आणि घरी कसा होता? भांडी घासायचा?"

"ते कुणी लिहून नाही ठेवलं रे."

मला नेमकं तेच हवं असायचं. सरकारी कारभारावर जाडजूड ग्रंथ लिहिणाऱ्याला मी इथल्या नगरपालिकेत पत्ता नोंदवायच्या रांगेत, हातात टोकन देऊन उभा केला. आणि सगळ्यांना चंदनाचे हार घातले. आमच्याकडे फ्रेम करून भिंतीवर ओळीने लावलेली माणसं गेलेलीच असतात.

शेवटचं चित्र पाहून ती किंचाळली. "अरे, हे जिवंत आहेत!"

"कोण?"

"हे! आमचे विभागप्रमुख! हेच माझी परीक्षा घेणारेत!"

मी त्यांना प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं. "मग त्या ओळीत फोटो कसा?"

"त्यांनीच लावून घेतलाय. फाड ते आधी." एवढं बोलून ती हसायला लागली. कित्येक आठवड्यांनी. चित्र फाडायचं राहूनच गेलं.

परीक्षेच्या दिवशी मी बाहेर बाकावर बसलो होतो. पाऊण तासाने ती आली. "पास."

"वाचा?"

"त्यांनी पहिला प्रश्न विचारला आणि मला त्यांच्या गळ्यात हार दिसला, हसूच फुटलं. मग काय, मी बोलतच सुटले. निकाल सांगून झाल्यावर विचारलं त्यांनी, मघाशी हसलात का म्हणून."

"सांगितलंस?"

"खोटं सुचेचना. हार कुणाला घालतात तेही सांगितलं. मग म्हणाले, चित्र बघायला मिळेल का?"

पुढच्या आठवड्यात मीच घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. आपण मेलेलो आहोत किंवा आपलं नाक केवढं झालंय, याबद्दल चकार शब्द काढला नाही. बाकीच्यांचे हार याहून जाड नाहीत ना, एवढंच विचारलं.