घराला गिऱ्हाईक आलं की

"मायले दोन तास कुठं नेऊन बसवता का, मॅडम?"

घरमालकांनी फाटकाशी उभं राहून विचारलं. सकाळचे नऊ. माझ्या हातात झाडांना पाणी घालायचा पाइप. माय सात-आठ पावलांवर ओट्यावर बसून वालाच्या शेंगा सोलत होती. तिला ऐकू जात होतं. तिचे कान शेवटपर्यंत चांगले होते.

अकराला गिऱ्हाईक येणार होतं. आम्ही भाड्यानं राहत होतो ते घर मालकांनी विकायला काढलं होतं.

मी विचारलं, मायचा काय त्रास आहे. मालक ओशाळं हसले. आवाज खाली आणून म्हणाले, "मी मानत नाई. गिऱ्हाईक मानते."

मी पाइप बंद केला आणि म्हणाले, "बरं."

प्रश्न त्यांचा होता. "बरं" माझं होतं. ते आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढे वाचताना तुम्ही सगळा राग मालकांवर खर्च करणार नाही.

मुलांनो, तुम्ही फोनवर विचारलंत. तुम्ही भाड्यानं राहता तेच घर आता विकत घेणार, आणि घराचा भाव कशावर ठरतो यावर तुम्हा बहीणभावांत वाद चालला आहे. थोरली म्हणते व्याजाचा दर. धाकटा म्हणतो जवळची शाळा. आजीनं कॉलेजात शिकवलं आहे, आजीला विचारू. मी इंग्रजी शिकवलं, अर्थशास्त्र नाही. तरी याचं उत्तर मला माहीत आहे. क्रमानं सांगते.

आम्ही गोंड. तुम्हाला हे माहीत आहे, पण शाळेच्या प्रकल्पात लिहिण्याइतकंच. माझी माय, तुमची पणजी, कारंजा घाडगेकडच्या जंगलालगतच्या गावातली. हातापायांवर गोंदण. झाडांशी, मांजराशी, माझ्याशी गोंडीत बोलायची. मी मराठीत उत्तर द्यायची. दहाव्या वर्षी मला नागपूरच्या वसतिगृहात घातलं. तिथे इंग्रजी आली आणि व्यवस्थितपणा आला. चादरीची घडी, कापलेली नखं, घड्याळ. व्यवस्थित राहिलं की कोणी काही बोलत नाही, असं मी तिथे शिकले. मग आयुष्यभर तेच पाळलं.

वर्ध्याच्या कडेला, मोठ्या दवाखान्यापासून पायी दहा मिनिटांवर ते घर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे ओटा, मागे अंगण. एकोणीस वर्षं राहिले. भाडं पहिल्या तारखेला, पाकिटात. भिंतीला खिळा ठोकायचा तरी आधी परवानगी. तुमचे आजोबा तिथेच गेले. त्यानंतर मायला गावाहून आणलं. तुमचे बाबा तेव्हा पुण्यात नोकरीला होते.

मालक घर विकणार हे कळलं त्याच दिवशी मी म्हणाले, मला घ्यायचं आहे. ते म्हणाले, "भाव तर निघू द्या. मंग पह्यले तुमालेच पुसतो." भाव निघायचा तर लोकांना घर दाखवायला हवं. म्हणून मी दाखवू दिलं. घासूनपुसून दाखवू दिलं. स्वतःवरच भाव चढवत होते.

आणि मायला घराबाहेर काढत होते. मोठ्या व्यवस्थितपणानं. पिशवीत पाण्याची बाटली, डबा, घडी केलेला रुमाल. ऑटोत बसवून दवाखान्यात न्यायचं. बाहेरच्या रुग्णांचं दालन रविवारीही दुपारपर्यंत उघडं असे. ओळीनं बाकडी होती, वर पंखे, प्यायला थंड पाणी. तिथे कोण कशाला बसलं आहे, हे कोणी विचारत नाही. जागा माझीच निवड. निवडताना मला हुशारी वाटली होती.

परत येऊन मी दारावरचा आम्हा गोंडांचा पिवळा झेंडा गुंडाळून कपाटामागे ठेवायची. तो काढायला मालकांनी सांगितलंही नव्हतं.

असे सहा रविवार.

माय रडली नाही, भांडली नाही. दुपारी ऑटोतून उतरताना टोमणा मारायची. "काय वं, आज माहा भाव किती लागला?" मी हसायची. ती नाही हसायची.

येणाऱ्यांना घरातलं सगळ्यात काय आवडायचं, सांगू? मागचं अंगण. रोज झाडलेलं, शेणानं सारवलेलं, मांडवावर वालाचा वेल, सीताफळाची गार सावली. बाया तिथे थबकायच्या. किती छान ठेवलं आहे, म्हणायच्या. मालक म्हणायचे, मॅडम कॉलेजात प्रोफेसर आहेत. ते अंगण मायचं होतं. मी त्यात कधी झाडूसुद्धा हाती धरला नव्हता. भाव वाढवणारी दवाखान्यात बसलेली होती.

सहाव्या रविवारी गिऱ्हाईक गेल्यावर मालक ओट्यावर टेकले. त्यांचे मित्र होते सोबत, रिटायर्ड ओव्हरसिअर. दोघे मायच्या जागेवर बसले आणि भावावर चर्चा सुरू झाली. ओव्हरसिअर म्हणाले, रस्ता. महामार्ग झाला तेव्हापासून नागपूर जवळ आलं, नागपूरचा पैसा इकडे आला. मालक म्हणाले, दवाखाना. मेडिकलची पोरं, डॉक्टर, नर्सा, सगळ्यांना खोल्या लागतात. मी चहा घेऊन आले आणि उभ्या उभ्या म्हणाले, बँका कर्ज सहज देतात म्हणूनही भाव चढतो. ओव्हरसिअर म्हणाले, "मॅडम बराबर बोलल्या." मला बरं वाटलं. तुमच्यापासून लपवत नाही. आत जाऊन खुर्ची आणली आणि मी त्यांच्यात बसले. भाव म्हणजे शेवटी जो जास्त देईल त्याचा आकडा, बाकी सगळ्या गप्पा, असं ओव्हरसिअरांनी निकालात काढलं. मालकांनी मान डोलावली.

घड्याळ पाहिलं तेव्हा मायला आणायची वेळ टळून तास होऊन गेला होता.

मी धावत गेले. बाकड्यावर माय नव्हती. पिशवी नव्हती. दालन रिकामं, एक बाई फरशी पुसत होती. तिनं आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. माय तिथे स्टुलावर बसली होती, दंडाला रक्तदाबाचा पट्टा. समोर एक तरुण डॉक्टर. म्हातारी बराच वेळ एकटी दिसली म्हणून त्यानंच आत बोलावलं होतं. आवाज मऊ होता त्याचा. काय होतं आजी, असं विचारलं तर माय म्हणाली, काही नाही. मग इथे का बसता? माय म्हणाली, "पोरगी पाठवते."

पत्ता विचारला. माय म्हणाली, "मले पत्ता नाई. घर पोरीचं बी नाई. मालकाचं हाय, आन मालकाले मी तिथं दिसाले नाई पायजे."

हे सगळं मला डॉक्टरनं सांगितलं. मी कोण हे तोवर मी त्याला सांगितलं नव्हतं. मग सांगितलं. त्यानं केसपेपर माझ्या हातात दिला.

नाव. वय. तक्रार: काही नाही. पत्त्याच्या जागी इंग्रजीत एक शब्द होता. बेघर.

तीस वर्षं ती भाषा शिकवली होती मी. कविता शिकवल्या, निबंध शिकवले. पोरांच्या वह्यांतल्या चुका लाल शाईनं दुरुस्त केल्या. त्या एका शब्दात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

ऑटोत मी मायचा हात धरला. तिनं सोडवून घेतला.

घरी पोचलो तेव्हा दोघे अजून ओट्यावरच होते. माय फाटकाशी थांबली. आत आली नाही. मी फाटकातूनच बोलले. आजवर तुम्हाला जो सगळ्यात जास्त देतो त्याच्या वर मी देते. उद्या इसार घ्या. पुढच्या रविवारपासून कोणाला आणू नका.

ओव्हरसिअर खूश झाले. "मंग काय, काकाजी, पेढे बलवा. घरातल्या घरात काम झालं."

मालक चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, गोष्ट पैशाची नाई."

तासभर तिथे पैशाखेरीज दुसरी गोष्ट झाली नव्हती.

त्यांनी समजावून सांगितलं. वाईट शब्द एकही नाही. बाजूचे चार प्लॉट त्यांच्या भावाचे. तेही विकायचे. माझ्या नावाची पाटी या घरावर लागली की त्या चारांचा भाव पडेल. भाड्यानं राहणं वेगळं, भाडेकरू आज आहे, उद्या नाही. मालकी वेगळी. "तुमी शिकलेल्या, तुमची गोष्ट अलग आहे. पण मायले पाह्यते ना लोक."

म्हणजे मला विकायचं हे कधीच ठरलं नव्हतं. पहिल्यांदा मलाच विचारणार, हे वाक्य घर चकाचक ठेवून घेण्यासाठी होतं. सगळ्यात जास्त पैसे देऊनही ते घर मला मिळत नव्हतं. मुलांनो, तुमच्या वादाचं उत्तर इथे आहे. रस्ता, दवाखाना, कर्ज, सगळं खरं. पण जास्त देणारा कोण, हे आधी बघतात. मग आकडा ऐकतात.

ओव्हरसिअर चपला शोधायला लागले.

मालक उठता उठता म्हणाले, करार दिवाळीपर्यंत आहे, तोवर निवांत राहा. "फक्त रविवारचं तेवढं चालू ठेवजा. इतके दिवस केलं, अजून थोडं."

मी म्हणाले, "माय उठणार नाही."

एवढंच. आवाज चढवला नाही. मागे वळून मायला आत बोलावलं. गोंडीत. चाळीसेक वर्षांनी. माझे उच्चार मोडके होते. ती आली, ओट्यावर दोघे बसले होते ती जागा पदरानं झटकली आणि बसली.

पुढच्या रविवारी झेंडा दाराच्या चौकटीला बांधला. मायला बैठकीत खुर्चीवर बसवलं. नवराबायको आले, अमरावतीचे, दोघे नोकरीवाले. मी मायची ओळख करून दिली. पूर्ण नाव, गाव, जमात. मायनं आमच्याकडचा नमस्कार केला, "जय सेवा." नवऱ्यानं अर्धवट मान हलवली. बाई अंगणापर्यंत गेली, वेलाकडे पाहिलं आणि विचारलं, कोणी केलं हे. माय आतूनच म्हणाली, "म्या."

बाई परत फिरली. जाताना फाटकाशी तिनं मालकांना विचारलेलं मी ऐकलं. "फरशी बदलून द्याल ना?"

"देतो ना," मालक म्हणाले.

दिवाळीला आम्ही निघालो. सामानाची गाडी गल्लीच्या तोंडाशी पोचली नव्हती, तर मागे फरशीवर घण पडायला लागले. मायनं ऐकलं. तिचे कान चांगले होते, हे सांगितलं आहेच. दुसऱ्या हिवाळ्यात ती गेली, तळेगावच्या रस्त्याला भाड्याच्या खोलीत. वाल पुन्हा लावला नाही तिनं. मीही पुन्हा घर घ्यायला निघाले नाही.

आता राहिलेलं सांगते. ते तुमच्याबद्दल आहे.

मागच्या मे महिन्यात मी तुमच्याकडे होते. त्याच घरात, जे तुम्ही आता घेताय. बँकेचा माणूस कर्जासाठी घराची किंमत ठरवायला येणार होता. थोरली, तू म्हणालीस, "आजी, तू दोन तास लायब्ररीत बसतेस का? घर मोकळं दिसलेलं बरं." तू पिशवी भरून दिलीस. पाण्याची बाटली, डबा, घडी केलेली शाल. किती व्यवस्थित. तो व्यवस्थितपणा माझ्याकडूनच आला आहे तुझ्यात. धाकटा मला गाडीनं सोडून आला. लायब्ररी थंड होती. कोण कशाला बसलं आहे, तिथेही कोणी विचारत नाही.

मी "बरं" म्हणाले होते. दुसऱ्यांदा.

तुम्हाला कळलं नसेल. मलाही पहिले सहा रविवार कळलं नव्हतं. म्हणून क्षमा मागू नका, मला ती नको आहे. मायनं मला दिली नाही, आणि बरोबर केलं.

बँकेचा माणूस दिवाळीनंतर पुन्हा येणार आहे, असं तुम्ही फोनवर म्हणालात. तिकीट मी काढलं आहे. केसपेपर सोबत आणते आहे. तो शब्द मी खोडलेला नाही, तुम्हीही खोडू नका. झेंडाही आणते आहे. तो तुमच्या दारावर मी स्वतः बांधणार. भाव पडला तर पडू द्या, कर्ज कमी मिळेल तेवढंच. पडला, तर कोणाला बघून पडला ते त्या माणसाला तोंडावर विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत कर्जाच्या कागदावर सही करू नका.

त्या दिवशी मी समोरच्या खोलीत खुर्चीवर बसलेली असेन. नाव विचारलं तर पूर्ण सांगेन. पिशवी भरू नका.

मी उठणार नाही.