राबाच्या झाडांची साक्ष

मी मशीन बंद केलं आणि म्हणालो, “मोजणी थांबली.” त्यासरशी अख्खा पाडा माझ्यावर तुटून पडला.

वैशाखरे गावाच्या वरच्या अंगाला हा ठाकर आदिवासींचा पाडा. तिथल्या सोनाबाईनं वनहक्काचा दावा केला होता. म्हणजे, पिढ्यान्‌पिढ्या कसत आलेली जंगलातली जमीन आपल्या नावावर व्हावी, असा अर्ज. मी सरकारी मोजणीवाला. जीपीएस घेऊन शेताच्या कडेनं चालायचं आणि नकाशा करायचा, एवढंच माझं काम. म्हातारीला दुसरी जमीन नव्हती. दावा गेला तर या वयात दुसऱ्याच्या शेतावर राबायची पाळी.

हद्द दाखवायला तिचा पुतण्या किसन पुढे चालत होता. भाताची खाचरं झाली, वरईचा उतार झाला, तरी गडी थांबेना. वरच्या एका मोकळ्या तुकड्यात शिरला. तिथले तोडलेले बुंधे अजून ओले होते. तिथंच मी मशीन बंद केलं, आणि मागून आलेली पाड्यातली माणसं ओरडायला लागली.

“हा तुकडा कधी तोडला?”

“जुनाच हाय सायेब.”

“अरे, बुंधा ओला आणि तुकडा जुना? कोणाला शेंड्या लावतोस?”

तेव्हा तो उसळला. “बरं, नवा हाय! सरकारनं आमचा सगळा डोंगर न्हेला. आमी एक तुकडा घेतला त काय पाप केलं? गरिबाची बाजू खरी नाय का?”

त्याच्या रागात तथ्य होतं. पण माझंही डोकं तापलं होतं. म्हणालो, “नुसतं गरीब असून बाजू खरी ठरत नाही. तुझ्या काकूची खरी आहे, कारण तिनं इथं जन्म घालवलाय. तू काय केलंस? आठ दिवस कुऱ्हाड चालवलीस!”

बांधावर बसलेली सोनाबाई उठली. “किसन्या, गप रे. माझ्या खऱ्याला तुझं खोटं नको चिकटवू. सायेब, खालचंच मोजा.”

मी खालचंच मोजलं. मग विचारलं, “आजी, पुरावा काय?”

“कागद नाय. ही झाडं हायेत ना!”

बांधावर ऐनाची झाडं होती, आणि प्रत्येकाच्या अंगावर गाठीच गाठी. आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या आधी त्या जागेवर फांद्या, पालापाचोळा पसरून जाळतात. त्याला राब भाजणं म्हणतात. फांद्या दरवर्षी शेताजवळच्या त्याच झाडांच्या काढतात. जिथं कोयता लागतो तिथं गाठ येते. खालच्या गाठी सासऱ्याच्या, वरच्या माझ्या, असं म्हातारी हात फिरवत सांगत होती. मला इतका आनंद झाला की मी डबा खायचाही विसरलो.

मुरबाडला सुनावणी झाली. सुनावणी घेणारे साहेब नवे होते, घाटावरचे. “पुरावा नाही. गरीब आहे म्हणून मंजूर करू?”

“गरीब म्हणून अजिबात नको, साहेब. झाडं बघून करा.”

साहेब हसले. पण चौथ्या दिवशी खरोखरच डोंगर चढून आले. गाठी पाहिल्या, राबाची काळी पडलेली माती उकरून पाहिली. मग वर गेले. तिथं न तोडलेल्या ऐनांची खोडं सरळसोट, एक गाठ नाही.

“हा तुकडा दाव्यात का नाही?”

सगळे किसनकडे बघायला लागले. त्यानं मान खाली घातली. “नवा हाय सायेब. मीच तोडला. काकूचा काय संबंध नाय.”

साहेबांनी फाइल उघडली. “जो आपल्याच विरुद्ध खरं बोलतो, त्याचं बाकीचंही ऐकायला हरकत नाही,” म्हणाले आणि तिथंच दगडावर बसून शेरा लिहिला. तोडीबद्दल किसनवर वेगळी कारवाई झाली, ती त्यानं निमूट सोसली.

सोनाबाईचा दावा पूर्ण मंजूर झाला. जमिनीचा पट्टा हातात पडला त्या दिवशी पाड्यात ढोल वाजला आणि मला, सरकारी माणसाला, किसननंच हाताला धरून नाचवलं. मी बरा नाचलो, असं ऐकलंय.

नोकरीत खूप हद्दी मोजल्या. शिकलो ते एवढंच, की खऱ्या बाजूला खोट्याचा टेकू लागत नाही. लागतोय असं वाटलं, तर बाजू पुन्हा मोजावी. किसनच्या तुकड्यावर तोडलेला ऐन आता पुन्हा फुटलाय, आणि त्याला कोणी हात लावू नये म्हणून सोनाबाई कोयता घेऊन बसते.