केबल गेली तेव्हाचा भोंडला

डोंबिवलीत कोपरच्या बाजूला आमची तीन मजली बिल्डिंग. तिच्यात केबल आली तेव्हा तिचं माहेर आमच्या गॅलरीत होतं. म्हणजे केबलवाल्याची पत्र्याची पेटी आमच्या ग्रिलला बांधलेली. गच्चीवरून एक जाड वायर तिच्यात यायची आणि तिथून चोवीस घरांना चोवीस वायरी जायच्या. पेटीला वीज आमच्या प्लगमधून, म्हणून आम्हाला केबल फुकट. त्या वायरींवर इतके कावळे बसायचे की पितृपक्षात शेजारच्या बिल्डिंगमधले लोक आमच्याकडे कावळे मागायला यायचे. यातलं निम्मं खोटं आहे, कुठलं निम्मं ते मी सांगणार नाही.

मी तेव्हा इंडस्ट्रियल एरियात एका केमिकल कारखान्यात शिफ्टला होतो. अंगाला असा वास यायचा की समोरून येणारी म्हैस रस्ता ओलांडून पलीकडे जायची. घरात आई आणि मी, दोघंच. आलो की चपला काढायच्या आधी टीव्ही लावायचा आणि पलंगावर आडवं व्हायचं. आई ताट आणून ठेवायची, मी पडद्याकडे बघत जेवायचो. भाजी कसली होती असं कुणी विचारलं असतं तर मी एखाद्या साबणाचं नाव सांगितलं असतं. दमलेल्या माणसाला टीव्हीचं एवढंच बरं असतं, तो काही विचारत नाही.

आईचा जीव भोंडल्यात. बिल्डिंग बांधून झाली त्या वर्षापासून नवरात्रात एक संध्याकाळ तिची. खाली कंपाउंडमध्ये हत्ती काढलेला पाट मांडायचा, भोवती बायकामुलींचा फेर, गाणी, आणि शेवटी डबा वाजवून विचारायचं, आत खिरापत काय आहे? आई डब्यात फडकं कोंबून आणायची, म्हणजे वाजायला नको. तिची खिरापत पहिल्या फेरीत ओळखली गेली तर तिला रात्रभर झोप लागत नसे. पूर्वी चाळीसजणी यायच्या. केबल आल्यावर गेल्या वर्षी तीनजणी आल्या, त्यातल्या एकीला घरच्यांनी हाकललं होतं म्हणून.

या वर्षी तिचे गुडघे सुजलेले. सकाळी डबा भरताना म्हणाली, "आज कोणी आलं नाही तर हा पाट माळ्यावर टाक. पुन्हा काढायचा नाही."

"येतील गं," मी म्हटलं. टीव्हीकडे बघतच म्हटलं.

त्या दिवशी मी सकाळची शिफ्ट करून तिसऱ्या प्रहरी आलो आणि पसरलो. सहा वाजता मालिका सुरू झाली. चोवीस घरांतून एकच गाणं, एकाच वेळी. वाटावं बिल्डिंगलाच कंठ फुटलाय. ब्रेक लागला तेव्हा पाणी प्यायला उठलो आणि गॅलरीतून सहज खाली बघितलं.

पाट मांडलेला. हत्ती तांदळाचा, झूल कुंकवाची. आई, वॉचमनची बायको आणि तिची लहान मुलगी. तिघींनी हात धरलेले, पण तिघींचा फेर होत नाही, नुसता त्रिकोण होतो. गुडघ्यामुळे आई एक पाऊल टाकून थांबायची, की दोघी थांबायच्या. तोंडानं मात्र गाणं चालू.

मी फार विचार करून काही केलं असं नाही. पेटीचा प्लग काढला, वायर नीट गुंडाळली आणि ग्रिलवर ठेवली.

अशी शांतता झाली की कोपर स्टेशनला उतरणाऱ्या माणसाचं शिंकणं ऐकू आलं. मग दारं उघडली.

"तुमच्याकडे आहे का हो?"

"आमच्याकडे मुंग्या आल्यात."

"अहो, पेटी तुमच्याकडे ना? बघा की."

"वरूनच गेलीय," मी म्हटलं. "तासभर लागेल."

घरात बसून करायचं काय? बायका जिन्यात आल्या, जिन्यातून खाली. आईनं कोणाला या म्हटलं नाही. गाणं न थांबवता नुसता एक हात सोडून पुढे केला. तो एकीनं धरला, तिचा दुसरीनं. पुरुषमाणसं गॅलरीत उभी राहिली, जशी काही यांच्याच देखरेखीखाली सगळं चाललंय.

इथवर सगळं माझ्या हिशेबात होतं. पण आमच्या पेटीतून एक वायर पुढच्या चार बिल्डिंगींना जाते हे मला ठाऊक नव्हतं. पाच मिनिटांत त्यांच्या बायका "पेटी कुठंय, पेटी कुठंय" करत आमच्या फाटकात. आत बघतात तर भोंडला. एका फेराचे दोन फेर झाले, मग तीन. तिसरा फेर फाटकातून बाहेर जाऊन पानवाल्याला वळसा घालून आत येत होता. पानवाल्याला विचारा, नाही म्हणणार नाही.

आईनं डबा वाजवला. आवाज शून्य.

"साटोऱ्या?"

"नाही."

"करंज्या, काकू?"

"नाही गं."

मग गॅलरीतले पुरुष सुरू झाले. खरं तर हे त्यांचं काम नव्हे. "सुकी भेळ," एकजण वरून म्हणाला. त्याची बायको खालून म्हणाली, "तुम्ही घरात ओळखा आधी, रोज काय जेवता ते." अख्खं कंपाउंड हसलं. मी हसलो नाही.

वॉचमनच्या मुलीनं डब्याला नाक लावलं आणि म्हणाली, "शिंगाडा." वड्याच होत्या शिंगाड्याच्या. पण चाळीस जणींपुरत्या. आईनं एकेका वडीचे चार तुकडे केले, मग त्या प्रत्येक तुकड्याचे दोन. कुणाला पुरलं नाही, पण प्रत्येकीच्या तळहातावर काहीतरी पडलं.

तेवढ्यात केबलवाला सायकलवरून आला. वर येऊन त्यानं पेटी बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"प्लग कोणी काढला, भाऊ?"

"उंदीर असेल."

"उंदरानं वायर गुंडाळून ठेवली?"

"आमच्याकडचे शिस्तीचे आहेत."

त्यानं प्लग लावला. घराघरांतून जाहिरातीचं गाणं सुरू झालं आणि फेर विरघळला. हात सोडून, चप्पल शोधून, "येते हं काकू" म्हणत गेल्या. शिव्या घालायलाही थांबल्या नाहीत. मी मोजल्या. अकरा राहिल्या. अकराजणींनी शेवटचं गाणं म्हटलं, आणि अकरांचा मात्र फेर होतो.

मी आईला हात देऊन वर आणलं. काखेत पाट होता. स्टूल ओढलं आणि माळ्याकडे बघितलं.

"तिथं कशाला?" ती म्हणाली. "दाराआड ठेव. हाताशी."

मी ठेवला. सवयीनं टीव्हीच्या बटणाकडे हात गेला, तर ती म्हणाली, "आज राहू दे रे." मग माझ्या शेजारी पलंगावर बसून, गुडघा चोळत, ती सांगायला लागली, लहानपणी तिच्या गावी भोंडला कुठल्या अंगणात व्हायचा, तिला फेरात घ्यायला कोण यायचं. कितीतरी दिवसांनी ती अशी सलग बोलत होती. मी हुं हुं करत होतो. पहाटे चारला उठलेला माणूस. बसल्या बसल्या डोळा लागला.

जागा झालो तेव्हा अंगावर चादर होती आणि ती स्वयंपाकघरात होती. अंगण कुणाचं होतं, कोण यायचं, मला आजतागायत माहीत नाही. तिनं पुन्हा सांगितलं नाही, आणि झोपलो होतो हे कबूल करावं लागेल म्हणून मी विचारलं नाही.