बॅटरी धरणारा कंपाउंडर

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा मीही नवाच होतो. कलेक्टर कचेरीत नवा कारकून आणि कंधारजवळच्या एका गावचा नवा जावई. दोन्हींची घमेंड एवढी, की तिच्यापायी एका म्हाताऱ्याचा जीव जायची वेळ आली.

म्हातारा म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणायचो. दुष्काळी कामावर खडी फोडायचे, बोलायचे कमी. त्या उन्हाळ्यात मी सासरी गेलो होतो आणि मामांना आदल्या संध्याकाळपासून लघवी झाली नव्हती. हे त्यांनी सासूबाईंना सांगितलं, सासूबाईंनी बायकोला, बायकोनं मला. लाजेलाजेनं ही बातमी माझ्यापर्यंत यायला सकाळ उजाडली.

"पोटात पानीच न्हाई, तर यील कुठून?" सासूबाई म्हणाल्या.

हे सगळ्यांना पटलं. विहिरी आटल्या, बोअर आटले, तसा माणूसही आटला असणार! सासूबाईंनी स्वतःच्या वाटणीचा तांब्या पाजला. शेजारणीनं अर्धा आणून दिला. जावयासाठी झाकून ठेवलेलं पाणी मी मोठ्या मनानं पुढं केलं. मामा गुमान प्यायले. दहा वाजता त्यांना बसवेना.

नांदेड दीड तासावर होतं. मी छाती फुगवून म्हणालो, "नांदेड कशाला? आमच्या लातूरला चला. आता जिल्हा आहे आमचा!" लातूर साडेतीन तासांवर. पण जावयाचा शब्द मोडणार कोण?

एस.टी.च्या प्रत्येक खड्ड्याला मामा बाक गच्च धरायचे. लोह्याला उतरले, लिंबामागं गेले, तसेच परत आले. अहमदपूरलाही तेच. अहमदपूर सुटल्यावर पुढच्या बाकावरच्या बाई वळल्या. मामांच्याच गावच्या पाटलीणबाई. त्यांनी मामांचा घामेजला चेहरा पाहिला आणि आपला तांब्या पुढं केला.

"घे, बाबा. उन्हानं जीव चाललाय तुझा."

मामांचं पोट तट्ट फुगलं होतं, म्हणून मी "नको" म्हणायला तोंड उघडलं. मामांनी माझा गुडघा दाबला. त्या घरचं पाणी त्यांनी जन्मभर ओंजळीत प्यायलं होतं, वरून ओतलेलं. धर्म बदलून पंचवीसहून जास्त वर्षं झाली होती, ओंजळ सुटली नव्हती. आज तांब्या हातात आला होता. सगळी बस बघत होती. मामांनी तो दोन्ही हातांनी घेतला, तोंडाला लावला आणि तळापर्यंत रिकामा केला.

चाकूरला ते दुमडून माझ्या मांडीवर आडवे झाले. ओठ पांढरे पडले होते. पुटपुटले, "हातात दिला तिनं, जावईबापू. न्हाई कसं म्हनू?"

आता मात्र माझी घमेंड उतरली. लातूर येईपर्यंत मी मैलाचा एक एक दगड मोजला.

कचेरीमागं एक डॉक्टर होते. पुरुषांच्या लघवीच्या तक्रारींचे लहानसहान इलाज दवाखान्यातच उरकून त्याच दिवशी घरी पाठवायचे. त्यांनी मामांच्या पोटावर हात ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं.

"बेंबीपर्यंत भरलंय. पाणी कुणी पाजलं?"

"सगळ्यांनी," मी म्हणालो.

"आणि तुम्ही शिकलेले! अहो, प्रोस्टेटची गाठ सुजून लघवीची वाट बंद झालीय. वाट बंद आणि तुम्ही वरून भरताय. नळी घालावी लागेल. दहा मिनिटांचं काम. पण आत्ताच."

तेवढ्यात लाईट गेली. खोलीला खिडकी नाही. डॉक्टरांनी कंपाउंडरला हाक मारली. उत्तर नाही. बाहेर पाहिलं तर बाकावर एकही पेशंट नाही. कोपऱ्यावर टँकर आला होता. कंपाउंडरसकट सगळा दवाखाना कॅन घेऊन पळाला होता.

डॉक्टरांनी बॅटरी माझ्या हातात दिली. "तुम्ही धरा."

मामा टेबलावरून उतरले. धोतराची गाठ मारली. "चला जावईबापू. घरी जाऊ."

"मामा, घर शंभर किलोमीटरवर आहे!"

"आसू दे."

"बाबा, फुटेल हो आत," डॉक्टर म्हणाले.

"फुटू द्या. जावयापुढं न्हाई."

आणि खरंच निघाले. दारापर्यंत चार पावलं होती. तिसऱ्याला भिंत धरून खाली बसले. आम्ही दोघांनी उचलून परत टेबलावर घेतलं. मी शपथ घेतली, तोंड फिरवून उभा राहतो. राहिलो. डॉक्टर ओरडले, "उजेड इकडं! छताला नळी घालायचीय का?"

मग मामांनी डोक्याचा रुमाल सोडला. त्यांचं टक्कल मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तो रुमाल त्यांनी स्वतःच्या तोंडावर पांघरला आणि आतून म्हणाले, "आता तुम्ही जावई न्हाई. कंपाउंडर."

मी वळलो. बॅटरी दोन्ही हातांनी धरली, तरी उजेड थरथरत होता. नळी गेली, अडली. डॉक्टरांनी काढली, पुन्हा मलम लावलं. पुन्हा अडली. रुमाल तोंडावर आत-बाहेर होत होता. "बाबा, लांब श्वास. सोडा. अजून सोडा."

बादलीत टणकन धार पडली.

डॉक्टर मधूनमधून नळी चिमटीत धरत होते, एकदम सगळं येऊ नये म्हणून. रुमाल हळूहळू स्थिर झाला. तेवढ्यात कंपाउंडर दोन कॅन घेऊन आत आला, बादलीत डोकावला आणि म्हणाला, "च्यायला, टँकर हितंच आला हुता व्हय?"

रुमालाखालून मामा हसले. आम्ही तिघंही हसलो. मी हसता हसता रडलो, पण बॅटरीमागं अंधार होता.

पुढं गाठीचं ऑपरेशन झालं आणि मामा पुष्कळ वर्षं जगले. पारावर बसून ही हकीकत सांगायचे. पाटलीणबाईंचा तांब्या जसाच्या तसा सांगायचे, हाताची ओंजळ करून, मग ती मोडून. नंतर म्हणायचे, "लातूरचा कंपाउंडर लई गुणाचा. बॅटरी जराबी हलू दिली न्हाई."

"हाव मामा," मी म्हणायचो.

एकदा कुणीतरी विचारलं, नाव काय त्याचं?

मामांनी माझ्याकडं पाहिलं, डोक्याचा रुमाल नीट केला आणि म्हणाले, "घाईत इचारायचं ऱ्हायलं."