भाऊजींच्या तोंडची प्रार्थना

आमचे भाऊजी लिफ्ट दुरुस्त करायचे. देवावर त्यांचा विश्वास नव्हता आणि ही गोष्ट तिघांनाच ठाऊक होती: माझ्या ताईला, मला आणि कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला. थोरल्यांना, म्हणजे भाऊजींच्या मोठ्या भावाला, याचा पत्ता नव्हता. आईबाप गेल्यावर थोरल्यांनीच त्यांना वाढवलं, रोज संध्याकाळी जवळ बसवून एक प्रार्थना पाठ करून घेतली. अशा माणसाचं मन कसं दुखवायचं? थोरले घरी आले की भाऊजी त्यांच्या शेजारी डोळे मिटून बसत आणि नंतर माझ्या कानात म्हणत, "डुलकी छान लागली." ताई चिडायची. "भीड भिकेची बहीण," म्हणायची, "सांगून टाका एकदा." ती स्वतः देवभोळी, तरीही.

औषधवाला उघड नास्तिक. दुकानाच्या माळ्यावर त्याची सात-आठ टाळकी जमायची.

"नास्तिक म्हणवून घ्या की," तो भाऊजींच्या मागे लागायचा.

"जी लिफ्ट बसवलीच नाही, तिच्या दारावर पाटी कशाला लावू?"

"बिनपाटीचं दार उघडून लोक आत पाय टाकतात, साहेब."

भाऊजी नुसते हसायचे. मला त्यांचंच पटायचं. न मानणाऱ्यांनीही टोळी करायची, तर मानणाऱ्यांनी आपलं काय घोडं मारलंय? आता मी एवढ्या तोऱ्यात बोलत नाही.

एका सकाळी कामावरच भाऊजी कोसळले. मेंदूत गुठळी. जीव वाचला, पण उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. पुढे एकदा ताई उशाशी असताना त्यांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि बाहेर पडली ती लहानपणची प्रार्थना. स्पष्ट, सगळीच्या सगळी. ताई घाबरली. भाऊजी तिच्याहून जास्त घाबरले.

"होतं असं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बोलणं जातं, पण पाठ झालेलं कधीकधी उरतं. कुणाची शिवी उरते, कुणाचे पाढे. त्यांना सांगायचं असतं भलतंच."

थोरल्यांनी यातलं सोयीचं तेवढं ऐकलं. ढसाढसा रडले. "माझं लेकरू! सगळं गेलं, पण देव नाही गेला." दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याबरोबर गल्लीतली मंडळी येऊ लागली.

ताई हळूहळू शिकली. प्रार्थना घाईघाईत आली की लघवीचं भांडं हवं. शेवट लांबला की पाणी. मंडळी कशाला शिकतील? भाऊजी जिवाच्या आकांतानं भांडं मागायचे आणि ती सगळी हात जोडून त्यांच्या सुरात सूर मिसळायची. चादर ओली व्हायची. एरवी हसू आलं असतं. मी दातओठ खात उभा राहायचो.

शेवटी ताई थोरल्यांशी बोलली. "दादा, त्यांचा नाही हो विश्वास."

"असं तो कधी म्हणाला? कुणाला म्हणाला?"

ताईनं औषधवाल्याला बोलावलं. तो पडला प्रामाणिक. "मी नास्तिक आहे, असं तोंडानं कधी म्हणाले नाहीत," त्यानं कबूल केलं. "मीच मागे लागायचो."

ताईनं भाऊजींचा डावा हात धरला. "माझं खरं असेल तर दाबा." त्यांनी दाबला.

"माझाही दाबतो," थोरले म्हणाले. तेही खरंच होतं. भावावर त्यांचा जीव होता.

त्या दिवसापासून भाऊजींनी तोंड मिटलं. भांडं मागितलं नाही, पाणी मागितलं नाही. ताई चमचा पुढे करायची, तरी दात आवळून धरायचे. उघडलं तर ते शब्द निसटतील, ही धास्ती. ओठ फुटले. नाकातून नळी घालावी लागली. मग छातीत कफ भरला आणि ते गेले, एक अक्षर न बोलता.

त्यांना न्यायच्या आधी घर माणसांनी भरलं होतं. थोरले रडत सगळ्यांना सांगत होते, "शेवटपर्यंत ओठांवर देवच होता."

ताई उभी राहिली. "माझा नवरा नास्तिक होता," ती मोठ्यानं म्हणाली. तो शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला.

थोरल्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बस, पोरी. किती दिवसांची झोप नाही तुला." बायकांनी सरकून तिला जागा करून दिली.

"ती खरं बोलतेय," मी म्हणालो.

कुणीतरी माझ्याकडे वळून ओठांवर बोट ठेवलं. प्रार्थना सुरू झाली होती.