खिदिरपूरचे तीन दिवस आणि माईंच्या गाडीचा हॉर्न

पार्सल आलं ते असं: बारा व्होल्टचे हॉर्न, जोडी, साडेनऊशे. रिले एक, एकशे साठ. फ्यूज पाच, पन्नास. वायर तीन मीटर, नव्वद. एकूण साडेबाराशे.

हे सगळं कोलकात्याला न्यायचं होतं. माझ्या नणंदबाई, माई, तिथे खिदिरपूरला एकट्या राहतात. भाऊजी बंदरात नोकरीला होते, दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांची गोल टपाची जुनी गाडी माईंनी जपून ठेवली आहे. गुरुवारी तिची नोंदणीसाठी तपासणी होती आणि हॉर्न वाजत नव्हता. त्यांचा मुलगा अमित बंगळुरूला असतो. या वेळी नापास झाली तर भंगारात द्यायची, असं त्याने सांगून टाकलं होतं. माईंनी फोनवर एवढंच विचारलं, "तुम्ही दोघं येताय ना?" देवापुढे साखर ठेवली आणि रविवारी आम्ही नाशिकरोडहून निघालो.

प्रवास तीस तासांच्या वरचा. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचं लोणचं सोबत होतं, त्यामुळे गाडीत फक्त चहा घेतला. हावड्याला उतरल्यावर हमालाशी घासाघीस करण्यापेक्षा चाकांची बॅग न्यावी. बाहेरूनच खिदिरपूरची बस मिळते.

मंगळवारी सकाळी कालीघाटाला देवीचं दर्शन झालं. मधे कुणी आत नेतो म्हणालं तरी रांग सोडू नका, तासाभरात नंबर लागतो. बाहेर लुची, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, आणि बटाट्याची भाजी खाल्ली, दोघांचं पोट सत्तर रुपयांत भरलं. माई आल्या होत्या पण खाल्लं नाही त्यांनी. सारखं गुरुवारचंच बोलत होत्या.

बुधवारी गोपालदा आले. साठीचे बंगाली मिस्त्री, भाऊजी असल्यापासून गाडीला हात लावणारे. मी कौतुकाने आमचं खोकं पुढे केलं. त्यांनी ते उघडलंसुद्धा नाही. आधी बॅटरीवरून एक वायर थेट जुन्या हॉर्नला लावली. हॉर्न असा ओरडला की शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी डोकावलं.

"साडेबाराशे," आमचे हे माझ्याकडे बघून म्हणाले. मी न ऐकल्यासारखं केलं. वाचकांनो, सामान मागवायच्या आधी ही वायर लावून बघा.

मग फ्यूज पाहिला, शाबूत. स्टिअरिंगखाली बटणाकडून येणारी तार सोडवून तिचं टोक गाडीच्या पत्र्याला टेकवलं, पुन्हा वाजला. म्हणजे बिघाड बटणातच. गोपालदांनी स्टिअरिंगच्या मधलं बटण अलगद उचकटलं आणि थांबले. आतल्या पितळी चकतीवर लालपिवळा, तेलकट थर बसला होता, नखाएवढा जाड.

माई दर शुक्रवारी गाडीची पूजा करतात. तेलात कालवलेलं हळदकुंकू त्या बटणावरच लावायच्या, कारण भाऊजींचा हात कायम तिथे असायचा. दोन वर्षांचं ते कडेच्या फटीतून आत उतरलं होतं.

माईंचा चेहरा पडला. "म्हणजे मीच केलं हे," त्या म्हणाल्या, आणि पायरीवर बसल्या. यांनी थट्टा करायला तोंड उघडलं होतं, पण बहिणीकडे बघून मिटलं.

गोपालदांनी थर खरवडला, तो खाली पडू न देता कागदावर घेतला. पेट्रोलच्या फडक्याने चकती पुसली. ती नव्या भांड्यासारखी चमकली. "देखिए माशिमा," ते माईंना म्हणाले, "दूसरी पुरानी गाड़ी में ये प्लेट काली पड़ जाती है। आपके तेल ने बचा लिया।" माईंनी खात्री करून घ्यायला ती चकती स्वतः हातात धरून पाहिली. कागदाची पुडी त्यांनी पदराला बांधली. दुपारी घाटावर जाऊन आम्ही ती गंगेत सोडली.

गुरुवारी तपासणीला गोपालदांनी गाडी नेली, माई शेजारी, आम्ही मागे. साहेबांनी दिवे बघितले, ब्रेक बघितले आणि हॉर्न वाजवा म्हणाले. गोपालदांनी हात मागे घेतला आणि माईंकडे पाहिलं. माईंनी बाजूने वाकून बटण दाबलं. दाबलं ते सोडेचनात. साहेब हसून म्हणाले, "हो गया, हो गया।" गाडी पास.

त्याच संध्याकाळी आम्ही निघालो. शुक्रवारची पूजा बघायला थांबता आलं नाही, तिकिटं आधीच काढलेली होती. गोपालदा जाताना माईंना बजावून गेले होते की बटणावर आता काही लावू नका. माई हो म्हणाल्या, पण त्या हो म्हणताना कशा दिसल्या ते मी पाहिलंय.

घरी येऊन आठवडा झाला. बाकी शहर हळूहळू पुसट होईल, तो पायरीवरचा चेहरा नाही. माई फोनवर तब्येत आणि हवापाणी सोडून काही सांगत नाहीत, मनातलं पत्रातच लिहितात. म्हणून कालच अंतर्देशीय टाकलं आणि शेवटी लिहिलं: माई, शुक्रवारी कुंकू कुठे लावलंत, तेवढं उलटटपाली कळवा.