शेवटचा रकाना

आमच्या मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत भिंतीवर दाढीवाल्या जर्मन आद्यगुरूंची तसबीर आहे. माणसाला एक ठोका ऐकवायचा आणि आत काय वाटलं ते विचारायचं, ही त्यांची पद्धत. आम्ही ती प्रयोगवहीच्या शेवटच्या रकान्यात जपली आहे. ज्याच्यावर प्रयोग झाला त्याने तिथे आपला अनुभव सांगायचा. सगळे एकच सांगतात, 'प्रयोग आवडला. सुरुवातीला थोडी भीती वाटली.' मीही वर्षानुवर्षं त्याखाली सही करतो.

काल माझी विद्यार्थिनी वैशाली वडिलांचं तेरावं करून आली आणि थेट प्रयोगाला बसली. प्रयोग संपल्यावर तिच्यावर प्रयोग घेणारी जोडीदारीण सवयीने त्या रकान्यात लिहू लागली, 'प्रयोग आवडला.'

"खोड ते," वैशाली म्हणाली. "मला काहीच वाटलं नाही."

"अगं, मार्क जातील! सर, सांगा ना हिला."

दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. मी तसबिरीकडे पाहिलं. त्या दाढीमागे काय चाललं होतं, कळायला मार्ग नव्हता. वैशालीचं ऐकून मला तरी काही वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"ती सांगतेय तेच लिही," मी म्हणालो आणि सही केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, आधी वाचून.